न तुटलेला पट्टा

साखळी म्हातारी झाली की बोलायला लागते. सकाळी गार इंजिन चालू केलं की पुढच्या झाकणाआडून खळखळ येते, इंजिन तापल्यावर ती जरा दबते, आणि काही महिन्यांनी तापल्यावरही दबेनाशी होते. अण्णांची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवायला साखळी होती आणि त्या साखळीशी अण्णांचं रोजचं बोलणं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मी दप्तर घेऊन ताटकळत उभी. मग निकाल यायचा, "काढेल अजून एक दिवाळी." आणि ती काढायची.

पुढे घरात मारुती ८०० आली आणि अण्णांच्या कानाला काम उरलं नाही. या गाडीच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनात साखळी नाही, रबराचा दातेरी पट्टा आहे. तो आवाज करत नाही. नवा असताना करत नाही, निम्मं आयुष्य सरल्यावर करत नाही, आणि तुटायच्या आदल्या मिनिटालाही बहुतेकदा करत नाही. त्याला तेल लागत नाही, उलट तेल बाधतं. झाकणामागे तो वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि आपण गाणी ऐकत आंबा घाट चढत राहतो. अण्णांना हे कधी पटलं नाही. "जी वस्तू कुरकुरत नाही तिच्यावर विसंबू नये," असं ते म्हणायचे. त्यावर आतून आईचा आवाज यायचा, "ऐकलं हो."

कानाचा उपयोग संपला तेव्हा अण्णांनी वही घातली. खाकी पुठ्ठ्याची लांबोडी वही, वाण्याकडे असते तशी. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे गेले. ऑइल, प्लग, क्लच वायर. अधूनमधून एक ओळ येते: 'टायमिंग पट्टा बदलला. जुना चांगला होता.' पुढे काही वर्षांनी वेगळ्या पेनने, थोड्या थरथरत्या अक्षरात पुन्हा तेच. जुना चांगला होता. मला या ओळीचं नवल वाटत आलंय. जो माणूस चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा शिवून घेतो, आंघोळीच्या साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवतो, तो चांगली वस्तू काढून टाकतो आणि ती चांगली होती हे शाईने लिहूनही ठेवतो.

आता अण्णा ऐंशीच्या पुढे आहेत. कानाला यंत्र आहे, ते बहुधा खिशात असतं. पाने माझ्याकडे आले आणि वहीसुद्धा.

या पट्ट्याचं काम सांगायला सोपं आहे. खाली क्रँकशाफ्ट, पिस्टनच्या वरखालीने फिरणारा. वर कॅमशाफ्ट, हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा. खालचा दोनदा फिरला की वरचा एकदा फिरायला हवा, म्हणून वरच्या पुलीला खालच्या पुलीच्या दुप्पट दाते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर गाडी धावत असली तर क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो, कॅम पंचवीस वेळा. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो, आणि प्रत्येक वेळी पिस्टन कुठे आहे याचं भान ठेवून. पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकच जागा आळीपाळीने वापरतात. एकाने यायचं तेव्हा दुसऱ्याने तिथे नसायचं. पट्टा तुटला की कॅम असेल तिथे थांबतो आणि क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरतच राहतो. वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. मग हेड उतरवा, वाकलेले व्हॉल्व्ह काढा, पिस्टनला खड्डा पडलाय का बघा. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी फट सोडलेली असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. तेवढ्यावर सुटका. पण पाऊस, धुकं, घाटाचं वळण आणि मागे उसाचा ट्रक असेल तर 'नुसती' हा शब्द पचत नाही. सेल मारला की मोटर भलतीच हलकी फिरते. एरवी दाबाला अडून रेटत जाणारा तिचा आवाज त्या वेळी एकसुरी होतो, तिला काही ओढावंच लागत नाही.

म्हणून तो तुटायच्या आधी बदलायचा. गाडीगाडीप्रमाणे साठ हजार ते लाख किलोमीटर, किंवा ठरावीक वर्षं, जे आधी येईल ते. आमची गाडी हल्ली महालक्ष्मीचं देऊळ, भाजी आणि दवाखाना एवढीच फिरते, त्यामुळे आमच्याकडे वर्षंच आधी येतात. रबर बसल्या जागीही उतरतं. इंजिनाची धग, हवेतला ओझोन, सीलमधून झिरपलेला तेलाचा ओलावा, सगळं त्याच्या अंगाला लागतं. पोर्चमध्ये कापड पांघरून झोपलेल्या गाडीचासुद्धा पट्टा म्हातारा होतो. हे मला कळलं तेव्हा थोडं अन्यायाचं वाटलं होतं.

कोल्हापुरात ही गोष्ट गळी उतरवणं अवघड आहे. 'चालतंय की' हे आमच्या गावाचं उत्तर. बाहेरची माणसं त्याला आळस समजतात, मला तसं वाटत नाही. त्यामागे शिवाजी उद्यमनगर उभं आहे. या गावात ओतकाम होतं, ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग होतात, गल्लीत एकाला लागून एक लेथ आहेत. बेअरिंगची जागा झिजली? भरून टर्न करून देतो. आटे गेले? बुश मारतो. दांडा तुटला? ठेवून जा, उद्या घेऊन जा. ज्या गावाला मोडलेलं जोडता येतं त्याने मोडायच्या आधी घाबरावं कशाला? वस्तूने मोडावं, आपण जोडावं, हा इथला रिवाज आहे आणि त्यात एक ऐट आहे. पट्टा या रिवाजात बसत नाही. त्याला वेल्डिंग नाही, बुश नाही, टाका नाही. उद्यमनगरातल्या कुठल्याही हाताला तो सांधता यायचा नाही. त्याच्यापुढे हुन्नर चालत नाही, फक्त हिशेब चालतो. अण्णांची वही ही त्या अर्थाने कोल्हापूरशी केलेली छोटीशी फितुरी होती.

नवा पट्टा खोक्यातून काढला की आधी वास येतो, नव्या रबराचा, थोडा तिखट. बोटाएवढी रुंदी, बाहेरून गुळगुळीत, आतून दाते. दात्यांवर नायलॉनचं कापड चढवलेलं असतं, घासून झिजू नयेत म्हणून. आणि रबराच्या पोटात लांबीच्या दिशेने गुंडाळलेले काचतंतूंचे दोर. हो, काचच. काच ताणली तरी लांबत नाही म्हणून पट्टाही लांबत नाही. पण काचेला घडी सोसत नाही. म्हणून हा पट्टा दुमडायचा नाही, उलटा करायचा नाही, पिळायचा नाही. दुकानदार पट्टा चिमटीत दाबून "बघा किती मऊ आहे" म्हणून दाखवायला लागला तर तो घेऊ नये, दुसरं बंद खोकं मागावं.

दातेरी पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झाला नाही, शिवणयंत्रासाठी झाला. १९४०च्या दशकात अमेरिकेत गिल्मर नावाची पट्टे बनवणारी कंपनी होती. वरची सुई आणि खालची बॉबिन यांची गाठ प्रत्येक टाक्याला नेमकी पडावी म्हणून तिथे पट्ट्याला दाते आले. आमच्या आईच्या पायमशीनला चामड्याची गोल वादी होती. ती पावसाळ्यात सैल पडायची, चाकावरून घसरायची. आई ती कापून, पत्र्याचा आकडा पुन्हा अडकवून घट्ट करायची. वादी घसरली तरी शिवण बिघडत नसे, कारण आत सुई आणि शटल लोखंडी दांड्यांनी बांधलेली होती. वादीचं काम फक्त ओढण्याचं. दाते आले आणि पट्ट्याकडे ओढण्याबरोबर वेळ सांभाळण्याचं कामही आलं.

तिथून तो मोटारीत शिरला तो एका शेती अवजारांच्या घराण्यातून. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावी ग्लास मंडळींचा कारखाना होता. मूळ धंदा पेरणीयंत्रं वगैरे बनवण्याचा. युद्धानंतर ते स्कूटरकडे वळले, मग गोगोमोबिल नावाची चिमुकली गाडी काढली, आणि १९६२मध्ये बाजारात आलेल्या ग्लास १००४ या गाडीत कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी दातेरी पट्टा घातला. विक्रीसाठी बनलेल्या मोटारींमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. चारच वर्षांनी, १९६६मध्ये, बीएमडब्ल्यूने तो कारखाना घेऊन टाकला. त्याच वर्षी इटलीत फियाटच्या १२४ स्पोर्टसाठी ऑरेलिओ लांप्रेदी यांनी दोन कॅमशाफ्टांचं इंजिन केलं, तेही पट्ट्यावर चालणारं. हे लांप्रेदी आधी फेरारीची बारा सिलिंडरी इंजिनं करत होते. म्हणजे अण्णांच्या पद्मिनीचं माहेर असलेलं फियाट तिकडे पट्टा आपलंसं करत होतं, तेव्हा कुर्ल्यात साखळीवाली गाडी बनत होती आणि पुढे तीसेक वर्षं बनत राहणार होती. पेरणीयंत्रवाल्यांना हे पहिल्यांदा सुचलं याचा मला फार आनंद होतो. तिफणीमागून चालणाऱ्याला ठरल्या अंतरावर दाणा पडण्याचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही.

काम मी रविवारी काढते. बॅटरीची ऋण तार आधी सोडायची. गाडी जॅकवर, जॅकच्या जोडीला स्टँड, मग चाक बाहेर. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये, हे अण्णांनी मला लिहायवाचायच्या आधी शिकवलं असावं. ते पोर्चच्या कडेला खुर्ची टाकून बसतात, मांडीवर वही. शेजारचे काका दूध घेऊन परतताना थांबतात.

"बंद पडली काय?"

"नाही. टायमिंग पट्टा बदलतेय."

"गेला होय?"

"नाही, चांगला आहे."

काका अण्णांकडे पाहतात. अण्णांना काही ऐकू आलेलं नसतं, ते हसून मान हलवतात. चांगली वस्तू घरात दोघं मिळून उचकटताहेत एवढं पाहून काका पुढे जातात.

फॅन बेल्ट सैल करून काढला, पुली उतरवल्या, झाकणाचे बोल्ट सोडले, इथपर्यंत नुसती हमाली आहे. बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जुन्या पेपरवर मांडायचे, एवढीच शिस्त. झाकण निघालं की मात्र मी जरा थांबते. समोर दोन चाकं, वर मोठं, खाली लहान, आणि दोघांना कवेत घेतलेला काळा पट्टा. एका बाजूला स्प्रिंगवर रेललेला टेन्शनर. एवढी वर्षं हे सगळं आपल्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर अंधारात फिरत होतं.

आता खुणा. वरच्या पुलीवर एक खूण, तिच्या मागच्या पत्र्यावर दुसरी. खालच्या पुलीवर पंचाने मारलेला ठिपका, आणि ऑइल पंपाच्या अंगावर बाण. प्लग काढून ठेवले की क्रँक हाताने फिरतो. पाना लावून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हळू. उलटा फिरवायचा नाही. पान्यातून हाताला आतलं सगळं कळतं. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर चढताना पाना जड होतो, उंचवटा ओलांडला की तो स्वतःहून पुढे निसटतो. पुन्हा जड, पुन्हा निसटता. खालचा ठिपका बाणाला आला आणि वरची खूण भलतीकडेच असली तर दचकायचं कारण नाही, अजून एक फेरी द्यायची. खालच्याच्या दोन फेऱ्यांत वरचा एकदाच भेटीला येतो.

दोन्ही खुणा जुळलेल्या पाहणं हे या कामातलं सुख आहे आणि ते मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. जपानमधल्या कुठल्याशा आराखड्याच्या टेबलावर कुणीतरी ठरवलं की हा ठिपका या बाणासमोर आला की सगळं आपापल्या जागी असेल. मग तो ठिपका हजारो पुलींवर पडला. तिथपासून राजारामपुरीतल्या या पोर्चपर्यंत कुणाला काही विचारावं लागत नाही. ठिपका, बाण. मिस्त्री लोक त्यावर पांढऱ्या रंगाचा टिपका देतात, जुन्या पट्ट्यावरही खूण करतात, मग नव्यावर दाते मोजून तीच खूण उतरवतात. अण्णा ते करत नसत. "कंपनीने खूण दिलीय, तिला दुसरी कशाला?" मी मात्र रंग देते. चष्म्याचा नंबर वाढल्यावर माणसाने ताठा सोडावा.

जुना पट्टा सुटला की हात जपायचा, पुल्यांना धक्का लागू द्यायचा नाही. याच वेळी टेन्शनरची बेअरिंग फिरवून बघायची. खरखरली तर तीही बदलायची, कारण नव्या पट्ट्याला मारायला एक जुनी बेअरिंग पुरते. कॅम आणि क्रँकच्या सीलभोवती तेलाची ओल दिसली तर सील बदलून मगच पुढे जायचं. इथे काटकसर केली की पुन्हा सगळं उघडणं आलं.

नवा चढवायचा तो खालून वर, ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवून. शेवटचे दोन-तीन दाते अडतात. पेचकसाने रेटायचा मोह होतो, तो टाळायचा. कासारीण हिरव्या बांगड्या चढवताना हात दाबून, बोटं मिटवून, बांगडी थोडी थोडी पुढे सरकवते, तसंच दोन्ही अंगठ्यांनी. मग टेन्शनर मोकळा सोडायचा, स्प्रिंग त्याला पट्ट्यावर लोटते, आणि हाताने क्रँकच्या पुऱ्या दोन फेऱ्या द्यायच्या. कुठे अडलं तर तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही. दोन फेऱ्यांनी पट्टा दात्यांत बसतो, सैलपणा टेन्शनरकडे गोळा होतो. बोल्ट आवळायचा. पुन्हा खुणा बघायच्या.

एक दात चुकला तर काय, असं लोक विचारतात. गंमत अशी की एका दाताने बऱ्याचदा गाडी चालू होते. दम कमी, उभी असताना थरथर, चढावर रडारड, पेट्रोल जास्त, पण चालू. तशी चालणारी इंजिनं रस्त्यावर पुष्कळ असतील. 'चालतंय की' तिथे मात्र महागात पडतं.

आमचा मिस्त्री संध्याकाळी डोकावून जातो. अण्णांच्या वेळेपासूनचा, आता त्याचेही केस पिकलेत.

"कशाला हात काळं करून घेतायसा, ताई? आणायची की माझ्याकडं."

"तुझ्याकडे आणली की तू म्हणतोस अजून चालतंय."

"मग? खोटं हाय काय?" तो जुना पट्टा उचलतो, बोटांवर ताणून प्रत्येक दाताची मुळं उजेडात बघतो, वास घेतो, अंगठ्याने पाठ चोळतो. चीर नाही, काचेसारखी चमक नाही, दाते शाबूत. "हा अजून बक्कळ चालला असता."

"तेच लिहिणार आहे वहीत."

खरं तर त्याच्या बोलण्यात चूक नाही. तो पट्टा चालला असता. किती, ते त्याला माहीत नाही, मलाही नाही, बनवणाऱ्यालाही नाही. बनवणाऱ्याने फक्त असा आकडा दिला की त्याच्या आत जवळजवळ कुठलाच पट्टा तुटत नाही. म्हणजे बहुतेक चांगले पट्टे आयुष्य शिल्लक असताना निघतात, थोड्या कच्च्यांच्या पायी. यात उधळपट्टी आहेच. मला ती डाचते, पण बदलल्याशिवाय राहवत नाही. पट्टा कोण्या कारखान्यात तुटत नाही, घाटातच तुटतो, आणि मागच्या सीटवर अण्णा बसलेले असतात.

या विद्येचे दिवस आता थोडे. मारुतीच्याच पुढच्या के-मालिकेच्या इंजिनांत साखळी परत आली. भाच्याची गाडी विजेवरची, तिला कॅम नाही, व्हॉल्व्ह नाही, जुळवायला काहीच नाही. तो माझ्या ठिपक्या-बाणांकडे नातवाने जात्याकडे बघावं तसा बघतो.

झाकण, पुली, फॅन बेल्ट, चाक, बॅटरी, सगळं उलट क्रमाने परत गेलं. सेल मारला. तिन्ही सिलिंडरांचा तो किंचित लंगडा, ओळखीचा सूर लागला. अण्णांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं, स्क्रूड्रायव्हर मागितला, मूठ कानामागे टेकवली आणि पुष्कळ वेळ ऐकलं.

"काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"तेच बरं आहे, अण्णा."

मिस्त्री जुना पट्टा खांद्यावर टाकून निघाला होता. फाटकाशी वळून म्हणाला, "टाकू नका म्हणलं, मीच नेतो. ऑइल फिल्टर खोलायला बरा पडतोय, घसरत नाही." पुढच्या ऑइल बदलाला गाडी त्याच्याकडे नेली तेव्हा पट्ट्याचा तुकडा कापून, पाइपला बोल्टने आवळून त्याने खरोखरच हत्यार केलं होतं. फिल्टरला वेढा घातला, हिसका दिला, फिल्टर सुटला. पाइपवर दाते रुतले होते. या कामाचे त्याने माझ्याकडून पुरे पैसे घेतले.